जिथून पाणी बाहेर पडत नाही: त्सो कारच्या काठचं एक प्रकरण

सकाळी सहाच्या सुमारास मी धाकट्याला म्हटलं, या रेघेवरून चालून दाखव. रेघ म्हणजे आदल्या संध्याकाळी काकांच्या सायकलचं मागचं चाक क्षाराच्या पांढऱ्या पापुद्र्यावर उमटवून गेलं होतं ती. टाचेला चवडा लावायचा आणि दहा पावलं टाकायची. चौथ्या पावलाला तो डावीकडे कलला, हात पसरून सावरला, हसला आणि म्हणाला, "थांबा ताई, परत करतो." दुसऱ्या वेळी तिसऱ्याच पावलाला गेला. तिसऱ्यांदा करू दिलं नाही.

आमच्या चौघांत तोच सगळ्यात तयारीचा होता. वय 29, बाणेरला आयटीत नोकरी. रविवारी सकाळी सिंहगडाचा घाट दोनदा चढून नाश्त्याला परत येणारा. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला संपवायच्या सायकल फेरीत, 600 किलोमीटर 40 तासांच्या आत संपवलेला. उरलेल्यांत काका 58 वर्षांचे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, चढावर चालण्याच्या वेगाने सायकल चालवणारे आणि त्याची अजिबात लाज न बाळगणारे. एक डॉक्टर, पण दातांचे. आणि मी. कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे वेळापत्रक करणं हे माझं खातं. या प्रकरणातली पहिली चूक त्याच खात्यात झाली, म्हणून लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

बेत साधा होता. लेहहून उपशी, रुमत्से, टागलांग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून त्सो कार, तिथून पोलोकोंगका ला आणि पूगा करत त्सो मोरीरीच्या काठचं कोरझोक, मग माहेच्या पुलावरून सिंधूच्या काठाने परत लेह. लडाखच्या चांगथांग पठारावरची दोन मोठी सरोवरं एका फेरीत. ऑगस्टचा महिना, आणि गणपती बसायच्या आत पुण्यात हजर राहायचं ही अट. काकांच्या घरी गणपती दहा दिवसांचा, त्यामुळे ती अट तिकिटापेक्षा पक्की.

झोपायची उंची

उंचावर दिवसा कुठवर चढलात याला तितकं महत्त्व नाही. रात्री कुठे झोपलात हे जास्त महत्त्वाचं. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीच्या सूचनांप्रमाणे 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. पुणे 560 मीटरवर. विमानाने लेहला उतरलो की थेट 3,500. हा नियम विमानात बसल्या क्षणीच मोडतो, म्हणून लेहमध्ये नुसतं बसून राहणं हाच प्रवासाचा पहिला टप्पा.

मी लेहला तीन रात्री धरल्या होत्या, उपशीला एक, रुमत्सेला दोन. दिल्लीहून लेहचं विमान हवामानामुळे एक दिवस पुढे गेलं आणि लेहच्या तीनच्या दोन झाल्या. इथवर आमचा दोष नव्हता. उपशी 3,400 वर, म्हणजे लेहपेक्षा थोडी खालीच, आणि 49 किलोमीटरचा रस्ता, आधी नदीपर्यंत उतार, मग सिंधूच्या काठाने हलका चढ. सगळे खुशीत. दुसऱ्या दिवशी उपशी ते रुमत्से जेमतेम 30 किलोमीटर, अकराच्या आत पोचलो. रुमत्से 4,100 च्या पुढे. म्हणजे झोपायची उंची एका उडीत 700 मीटरने वाढली. याचसाठी तिथे दोन रात्री होत्या.

संध्याकाळी धाकटा म्हणाला, "ताई, उद्या दिवसभर इथे बसून काय करायचं? एक दिवस आधीच गेलाय. तो कोरझोकला कमी करण्यापेक्षा इथला करू." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही कोरझोकच्या दोन रात्री सोडवत नव्हत्या. गेलेला दिवस सरोवराच्या काठच्या मुक्कामातून कापायचा, की तिथवर नीट पोचवणाऱ्या मुक्कामातून? मी चुकीच्या टोकाकडून कापला. वहीत रुमत्सेसमोरचा दोनचा आकडा खोडून एक केला, त्याची खाडाखोड अजून आहे.

टागलांग ला 5,328 मीटर. रुमत्सेहून साधारण 30 किलोमीटरचा चढ, पण सिंहगडासारखा अंगावर येणारा नाही. सगळ्यात खालच्या गिअरला टाकून बसून राहायचं. फसवतो तो चढामुळे नाही, हवेमुळे. हवेतला ऑक्सिजन वरही 21 टक्केच असतो, पण हवेचा दाबच उतरलेला असतो. 4,500 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे 57-58 टक्के. पॅनियरमधली, म्हणजे सायकलला अडकवलेल्या पिशव्यांतली, चिवड्याची पाकिटं फुगून उशीसारखी झाली होती. धाकटा आमच्या किती तरी आधी खिंडीत पोचला आणि वाट बघत वाऱ्यात बसून राहिला. काका सगळ्यांत शेवटी आले. तो तिथे बसला होता तेव्हा काका अजून चढतच होते, म्हणजे काकांनी 5,300 वर सगळ्यात कमी वेळ काढला. तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पित्त

त्सो कारला आम्ही थुक्जे गावात एका घरी उतरलो. घरधनीण साठीची, सगळे तिला आमा-ले म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. संध्याकाळी सहा वाजता धाकटा म्हणाला, डोकं धरलंय, पित्त झालंय.

या शब्दाने आमचे दहा-अकरा तास खाल्ले. पुण्याच्या घरांत डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नको वाटलं की उत्तर एकच, पित्त. उन्हात फिरलास, उपाशी राहिलास, चहा जास्त झाला, जागरण झालं. त्या दिवशी यातलं प्रत्येक कारण हजर होतं. त्यामुळे कुणाला शंका आली नाही, उलट काकांनी आल्याचा तुकडा काढून दिला. खरं तर 4,500 मीटरवर, नव्याने आलेल्या माणसाचं डोकं दुखत असेल आणि सोबत मळमळ, थकवा किंवा चक्कर असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार धरायचा असतो. हे वाक्य आम्ही चौघांनीही पुण्यात वाचलं होतं. पण ते वाचलं होतं उंचीच्या आजाराबद्दल, आणि समोर आलं ते पित्त बनून.

आणखी खुणा होत्या. त्याने पोहे टाकले. (पाणी तिथे 85 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजत नाही, म्हणून आम्ही पोहे नेले होते. भिजवले की झाले. एरवी तो दोन वाट्या संपवी.) संध्याकाळी कियांगांचा, म्हणजे तिकडच्या रानगाढवांचा, कळप घरापासून हाकेच्या अंतरावर चरत होता. लेहपासून दिसेल त्या दगडाचा फोटो काढणाऱ्या या मुलाने फोन खिशातून काढला नाही.

मग ऑक्सिमीटर. जेवणाआधी सगळ्यांनी बोट घातलं. काकांचं 80, माझं 81, डॉक्टरांचं 79, धाकट्याचं 84. सगळ्यात चांगला आकडा त्याचाच, म्हणून आम्ही निश्चिंत झोपलो. त्या उंचीवर ऐंशीच्या घरातले आकडे निरोग्यांचेही असतात, गार बोटांवर ते यंत्र काहीही दाखवतं, आणि आकडा बरा असूनही माणूस आजारी असू शकतो. आकड्यावर विश्वास ठेवायचं काम गणिताच्या बाईने केलं, हे काका अधूनमधून काढतात.

औषधाचंही सांगून टाकते. आम्ही तिघं डॉक्टरांच्या सल्ल्याने डायमॉक्स घेत होतो, 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. बोटांना मुंग्या येतात, लघवीला पुन्हा पुन्हा उतरावं लागतं आणि सोडा पाण्यासारखा लागतो. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. धाकट्याने घेतली नाही. त्याचं म्हणणं, गोळी खाऊन चढलेला घाट मोजायचा कसा? स्पर्धेच्या जगातून आलेला माणूस असाच विचार करतो. पण डायमॉक्स ताकद वाढवत नाही, श्वास वाढवून शरीराची सवय लवकर लावते. आणि तब्येत दणकट असली म्हणून उंचीचा आजार टळत नाही. उलट दणकट माणूस भरभर वर जातो, इतकंच.

रात्री दोनच्या सुमारास तो बाहेर जायला उठला. दाराला साधी लोखंडी कडी होती. मला अंधारात बराच वेळ कडीचा आवाज येत राहिला, खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. मनात आलं, हातमोज्यांमुळे जमत नसेल. सकाळी बघितलं तर हातमोजे त्याच्या पॅनियरमध्ये, घडी घातलेले. पाच वाजून गेल्यावर तो बुटाची नाडी बांधत होता, पाच मिनिटं, एकाच बुटाची. तेव्हा मी डॉक्टरांना हलवून उठवलं आणि त्याला रेघेवर उभं केलं.

डॉक्टरांनी घाई केली नाही, पण वेळही घालवला नाही. मोठ्याने बोलत एकेक शक्यता बाजूला केली. पाणी कमी पडलं? रात्रभरात दीड लिटर प्यायलाय. साखर उतरली? गूळ दिला, काही फरक नाही. खोलीत शेगडीचा धूर? स्वयंपाक वेगळ्या खोलीत होता आणि आम्ही तिघं त्याच हवेत झोपलो होतो. पडला, डोक्याला लागलं? नाही. उरलं ते एकच. तोल जातोय, म्हणजे प्रकरण नुसत्या डोकेदुखीच्या पुढे गेलंय. मेंदूला सूज येऊ लागली आहे असं धरून चालायचं आणि खाली न्यायचं. यात विश्रांती घेऊन बघू, दुपारपर्यंत थांबू, हे नसतं. इथून माणूस काही तासांत बेशुद्धीत जाऊ शकतो.

नशीब म्हणजे त्यांच्या पेटीत डेक्सामेथासोन होतं. अक्कलदाढ काढल्यावरची सूज उतरवायला दातांचे डॉक्टर ते सर्रास वापरतात. 8 मिलिग्रॅम लगेच, मग दर सहा तासांनी 4. पण त्यांनी बजावलं, हे औषध फक्त वेळ काढून देतं, उपचार उतरणं हाच. आमच्याजवळ ऑक्सिजनचे ते हलके डबेही होते, लेहला घेतलेले. 10 लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. तो नाकाला लावलेला फोटो छान येतो, बाकी काही नाही.

खाली म्हणजे कुठे

मला या सगळ्या प्रकरणात सांगण्यासारखं वाटतं ते इथे आहे.

पुण्याच्या माणसाला पाणी म्हणजे सखल जागा. पानशेतहून निघा, पाण्याच्या बाजूने चला, खडकवासला येतं, मुठा शहरात आणते, भीमा, कृष्णा करत पाणी समुद्राला मिळतं. वाट चुकली तर ओढ्याने उतर, हे आपण सह्याद्रीत पोरांना शिकवतो. त्सो कारला मी नकाशा उघडला आणि पहिल्यांदा नीट पाहिलं की यातून एकही नदी बाहेर पडत नाही. सभोवतीचं पाणी आत येतं, आणि बाहेर जायचा रस्ता फक्त वर, वाफ होऊन. मीठ मागे राहतं. कार म्हणजे पांढरा, त्सो म्हणजे सरोवर. काठावरचा तो पांढरा पापुद्रा, ज्यावर आमची रेघ उमटली होती, तो पाण्याला वाट नसल्याचाच पुरावा. सरोवर कधी काळी फार मोठं होतं. भोवतीच्या उतारांवर जुन्या काठांच्या आडव्या रेषा दिसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.

आता हीच गोष्ट आजारी माणसाला लावा. पाणी बाहेर पडत नाही, म्हणजे चहूबाजूंनी कड उंच आहे. 4,530 मीटरवरच्या त्या वाटीतून खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं. उत्तरेला टागलांग ला, 5,328. पूर्वेला पोलोकोंगका ला, पाच हजारांच्या जरा आत. दक्षिणेला मोरे मैदान, ते सपाट, पण तिकडे जाऊन पोचता पांग नावाच्या मुक्कामाला, 4,600 वर, म्हणजे जिथे होतो त्याहूनही वर, आणि पुढे पुन्हा पाच हजारांची खिंड. मार्गदर्शक सूचना सांगतात, लक्षणं जाईपर्यंत उतरवा, साधारण 300 ते 1,000 मीटर पुरतात. ते 300 मीटर कुठे मिळतात हे मी वेळापत्रक करताना एकदाही शोधलं नव्हतं. वहीत झोपायच्या उंचीचा रकाना होता, बाहेर पडायच्या उंचीचा नव्हता. त्सो मोरीरीचीही गत तीच, तेही बंद खोऱ्यातलं. आणि तिथे मला दोन रात्री राहायचं होतं!

कुठल्या बाजूने न्यायचं यावर दहा मिनिटं गेली. डॉक्टरांचं मत टागलांगकडे: ओळखीचा डांबरी रस्ता, ट्रकांची वर्दळ, आणि एकदा खिंड ओलांडली की उपशीपर्यंत उतारच, थेट 3,400. आमा-लेने चुलीकडे पाठ न फिरवताच सांगितलं, "ऊपर से नहीं. पूगा से जाओ, नदी पकड़ो." पोलोकोंगका जवळजवळ चारशे मीटरने कमी उंच. तिच्यापुढे पूगाच्या गंधकाच्या झऱ्यांवरून सुमदो, मग माहेच्या पुलाशी सिंधू, 4,200 च्या आसपास. नदी मिळाली की पुढे सगळं खालीच. त्यातच टागलांगच्या अलीकडच्या डेब्रिंगकडून आलेल्या एकाने टागलांगवर रात्री बर्फ पडल्याचं सांगितलं आणि वाद मिटला. बर्फ नसता तर कोणती वाट बरोबर ठरली असती, यावर डॉक्टर आणि मी अजून भांडतो. त्यांचा मुद्दा कच्चा नाही. पूगामार्गे 4,000 च्या खाली यायला अंतर पुष्कळ जास्त पडतं.

फोनला रेंज नव्हतीच. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं तर लडाखमध्ये कुठेच चालत नाहीत. धाकट्याचं प्रीपेड होतं. आमा-लेच्या भाच्याची पिकअप गाडी होती, हे आमचं दुसरं नशीब. साडेसातला ते निघाले: भाचा, डॉक्टर, आणि मधे धाकटा, बसता, आडवा नाही. खिंड न थांबता पार केली. रस्ता काही भाग डांबरी, काही नुसता खडीचा. डॉक्टर दर अर्ध्या तासाने त्याला एकच प्रश्न विचारत, शंभरातून सात वजा करत जा. पूगापर्यंत तो 86 वर अडकत होता. माहेच्या चेकपोस्टला 65 पर्यंत आला. चुमाथांगला, सुमारे 4,000 मीटरवर, गरम झऱ्यांशेजारच्या टपरीत त्याने अर्धा वाडगा थुक्पा खाल्ला, मळमळला नाही, आणि टपरीसमोर दहा पावलं सरळ टाकली. तरीही डॉक्टरांनी गाडी थांबू दिली नाही. संध्याकाळी लेहच्या रुग्णालयात दाखल, रात्रभर ऑक्सिजन, दोन दिवसांनी सुटी, चौथ्या दिवशी पुणे.

काका आणि मी मागे थुक्जेला राहिलो, दोन सायकली नेणं आणि दोन ठेवणं एवढंच काम. निघावं की नाही हे ठरवायला एक पूर्ण दिवस घेतला, जो रुमत्सेला घ्यायचा होता. मग हळू निघालो. पोलोकोंगकावर काका मला म्हणाले, "इथे फोटो काढायला थांबायचं नाही बरं का," आणि थांबलो नाही. सुमदोला कोरझोकचा फाटा लागतो. काकांनी सायकल उभी केली, फाट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही ठणठणीत होतो. आम्ही नदीकडे वळलो. गणपतीही होतेच.

धाकट्याची आणि डॉक्टरांची सायकल नंतर मालवाहू ट्रकने पुण्यात आली, विसर्जन होऊन गेल्यावर. खोकी माझ्याकडे उघडली. धाकट्याच्या हँडलच्या पिशवीत मूठभर कोरडे पोहे होते, घाटात वापरायचा टॉर्च, आणि पित्ताच्या गोळ्यांची लेहच्या दुकानातली एक पट्टी. दहापैकी सात गोळ्या गेलेल्या.

मी मोजलं. त्सो कारच्या संध्याकाळी त्याने आमच्यासमोर एक घेतली होती.

तो आला तेव्हा पट्टी टेबलावर ठेवली आणि विचारलं, कधीपासून?

"उपशीपासून," तो म्हणाला. "रुमत्सेला जास्त झालं होतं, ताई. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सगळेच तिथे अडकला असता."

मी वही काढून रुमत्सेसमोरची खाडाखोड त्याला दाखवली. त्याने पेन घेतलं आणि त्याच पानावर उजवीकडे नवा रकाना आखायला सुरुवात केली.